पुढून बसणारी मोटरसायकल

“गाडी जुनी आहे. इंजिन ठणठणीत आहे. पण ब्रेक दाबला की पुढून एकदम खाली बसते. नवे शॉकअप न घालता, थोडक्या खर्चात कडक करता येतील का?”

जुनी मोटरसायकल बाळगणाऱ्या कुणालाही हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, आणि कॉटन ग्रीन भागात तो जरा लवकर पडतो. विसाव्या शतकाच्या विशीत कापसाचा व्यापार कुलाब्याहून इकडे हलला. गोदामं उभी राहिली आणि भोवतीचे रस्ते जड माल वाहण्यासाठी आखले गेले. आज झकेरिया बंदर रोडनं शिवडीकडे जा किंवा काळाचौकीकडे वळा, पुढच्या चाकाला दर थोड्या अंतरावर काही ना काही भेटतंच. कुठे ट्रेलरच्या वजनानं रस्त्याला लाटा आलेल्या, कुठे पेव्हर ब्लॉक खचलेले, आणि पावसाळ्यात तर पाण्याखालचा खड्डा वीतभर आहे की हातभर, हे चाक आत गेल्यावरच कळायचं.

प्रश्नाचं उत्तर ‘होय’ असं आहे. पुढच्या शॉकअपची नवी जोडी घ्यायची तर काही हजारांचा मामला होतो; तेल, दोन सील आणि पाइपचा एक तुकडा बहुतेक साध्या गाड्यांत हजाराच्या आत बसतात. पण पैसे काढण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. मऊपणा तीन प्रकारचा असतो, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

१. नळीच्या आत काय असतं?

पुढचं चाक दोन पायांनी धरलेलं असतं. प्रत्येक पाय म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. वरची क्रोमची चकचकीत नळी हँडलखालच्या ‘टी’मध्ये घट्ट आवळलेली असते. खालची ॲल्युमिनियमची, गॅरेजात तिला ‘बॉटम केस’ म्हणतात. ती चाकाच्या ॲक्सलला जोडलेली असते. खड्डा आला की खालची नळी क्रोमच्या नळीवर चढते, आणि खड्डा संपला की परत उतरते.

आत तीन गोष्टी असतात. एक लांबलचक स्प्रिंग, साधारण दीड-दोनशे मिलिलिटर तेल, आणि तेलाच्या वर कोंडलेली हवा. दोन नळ्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे रबराचं ऑइल सील असतं. ते तेल आत ठेवतं आणि चिखल बाहेर.

तेलाच्या जोरावर धक्का आवरणारे असे टेलिस्कोपिक फोर्क बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटरसायकलवर बीएमडब्ल्यूनं १९३५ साली आणले. गाडीचं नाव आर १२. नंतर आपल्याकडे आलेल्या येझदी रोडकिंग, १९८५ ची यामाहा आरएक्स १०० आणि त्याच वर्षीची हीरो होंडा सीडी १००, पुढे स्प्लेंडर, २००१ ची बजाज पल्सर, या सगळ्यांच्या पुढच्या पायांची मूळ कल्पना तीच. हे सामान बनवण्यात महाराष्ट्राचा वाटाही मोठा. गॅब्रिएल इंडिया ही शॉक ॲब्सॉर्बर बनवणारी कंपनी १९६१ मध्ये मुलुंडच्या कारखान्यातून सुरू झाली, तर एन्ड्युरन्सची सुरुवात १९८५ मध्ये औरंगाबादला झाली. रचना सारखी असल्यामुळे या प्रकरणातले उपाय यांतल्या बहुतेक जुन्या गाड्यांना चालतात. आकडे तेवढे आपापल्या गाडीचे घ्यायचे.

२. तीन कामं, तीन कामगार

पहिलं काम वजन पेलण्याचं. ते स्प्रिंगचं. तुम्ही गाडीवर बसल्यावर पुढचा भाग किती दबेल, ब्रेक लावल्यावर आणखी किती दबेल, हे मुख्यतः स्प्रिंग ठरवते.

दुसरं काम हालचाल आवरण्याचं. ते तेलाचं. दबलेली स्प्रिंग मोकळी झाली की वर-खाली नाचत राहते. फोर्कमधलं तेल बारीक भोकांतून ये-जा करतं आणि त्या अडथळ्यात हा नाच जिरतो. मात्र तेल वजन पेलत नाही. गाडी उभी असताना नळीत जाड तेल असो की पातळ, पुढचा भाग तेवढाच दबलेला राहतो.

तिसरं काम शेवटच्या क्षणी अडवण्याचं. ते कोंडलेल्या हवेचं. नळी खूप आत गेली की वरची हवा आकसते आणि उलटा जोर लावते. सुरुवातीला हा जोर नगण्य असतो. मार्ग संपत आला की झपाट्यानं वाढतो.

आता तक्रारी या तीन खात्यांत वाटून टाका. नुसतं बसल्यावरच गाडी पुढून खूप खाली जात असेल, तर स्प्रिंगकडे बघा. स्पीड ब्रेकर ओलांडल्यावर हँडल दोन-तीनदा वर-खाली डुलत असेल, तर तेलाकडे. एरवी सगळं ठीक, पण मोठ्या खड्ड्यात ‘खाड्’ आवाज होऊन मनगटाला झटका बसत असेल, तर हवेकडे. दोन तक्रारी एकदम असू शकतात, पण सुरुवात एकीपासूनच करायची.

गाडी नवी असताना हे का जाणवलं नाही? एक तर कारखान्याला सगळ्यांसाठी एकच स्प्रिंग निवडावी लागते. पन्नास किलोचा कॉलेजकुमारही तीच गाडी घेतो आणि नव्वद किलोचा गृहस्थही; म्हणून कल आरामाकडे, म्हणजे मऊपणाकडे ठेवलेला असतो. दुसरं कारण वयाचं. वर्षानुवर्षं दबून स्प्रिंगची लांबी थोडी कमी होते. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. दर मिलिमीटरला लागणारा जोर, म्हणजे स्प्रिंगचा मूळचा कडकपणा, वयानं फारसा घटत नाही. घटते ती लांबी. आणि स्प्रिंगपेक्षा कितीतरी आधी तेल मरतं: त्यात ओल जाते, ॲल्युमिनियमचा बारीक चुरा मिसळतो, आणि ते पातळ होतं.

३. आधी मोजा: फुकटचा उपाय

साहित्य एक प्लास्टिकची झिप-टाय आणि एक मेझरिंग टेप. मदतीला एक माणूस. झिप-टाय क्रोमच्या नळीभोवती, सीलच्या लगेच वर, सरकेल इतपतच आवळा.

गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचा भाग दाबा, म्हणजे पुढचं चाक अधांतरी होईल आणि फोर्क पूर्ण उघडेल. सीलपासून वरच्या टीच्या खालच्या कडेपर्यंत क्रोम किती दिसतो ते मोजा. आता गाडी स्टँडवरून काढा. नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेट आणि बॅगेसकट बसा, पाय वर घ्या. मदतनीस मागून गाडी सरळ धरेल. पुन्हा तेच अंतर मोजून घ्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे ‘सॅग’, म्हणजे तुमच्या वजनानं फोर्क जितका दबतो ते अंतर.

जुन्या फोर्कमध्ये घर्षण जास्त असतं. हँडल हलकेच दाबून सोडलं तर एक आकडा येतो, हलकेच उचलून सोडलं तर दुसरा. दोन्ही घ्या आणि मधला धरा.

फोर्कच्या एकूण चालीचा पाव ते तिसरा हिस्सा एवढी सॅग रस्त्यावरच्या गाडीला योग्य. चाल १२० मिलिमीटर असेल तर ३० ते ४०. पन्नासच्या पुढे असेल तर स्प्रिंगचं काम निघालंच.

आता नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारा. मोकळी जागा बघून दोन-तीन वेळा जोरात ब्रेक लावा, आणि परत आल्यावर झिप-टाय बघा. ती जिथे थांबली तिथवर फोर्क दबला होता. ती पार वर टोकाला गेली असेल तर फोर्कनं आपली सगळी चाल खर्च केली. रोजच्या रस्त्यावर हे वरचेवर होता कामा नये.

४. दुखणं दुसरीकडे तर नाही?

फोर्क उघडण्याआधी पाच मिनिटं या तपासणीला द्या.

टायरमध्ये हवा कमी असेल तर पुढचा भाग मऊ आणि जड दोन्ही वाटतो. आधी हवा पुस्तिकेप्रमाणे भरा, मग मत बनवा.

पुढचं चाक उचलून दोन्ही बॉटम केस खालून धरा आणि पुढे-मागे हलवा. कटकट जाणवली तर हँडलचा कोनसेट ढिला किंवा झिजलेला असू शकतो, नाहीतर फोर्कचे आतले बुश गेलेले असतात. ब्रेक लावल्यावर होणारी थरथर बऱ्याचदा इथून येते, आणि बदनाम होतात शॉकअप.

क्रोमवर तेलाची ओली कडा दिसते का बघा. दिसली तर सील गेलं. हे लांबणीवर टाकू नका, कारण ते तेल ओघळत ब्रेकपर्यंत पोचू शकतं. समुद्राकाठच्या दमट हवेत क्रोमला गंजाचे बारीक ठिपके पडतात. ते सीलच्या फिरण्याच्या पट्ट्यात असतील तर नवं सीलही महिन्याभरात कापलं जातं. उथळ ठिपके अगदी बारीक पॉलिश पेपरनं गुळगुळीत करता येतात. नखाला लागणारा खोल खड्डा असेल तर नळी पुन्हा हार्ड क्रोम करून घ्यायची किंवा बदलायची.

शेवटची तपासणी फोर्क अडकण्याची. पंक्चर काढताना चाक बसवलं आणि दोन पाय किंचित तिरके राहिले, तर नळ्या एकमेकींना घासतात. ॲक्सलचा नट ढिला करा, पुढचा ब्रेक धरून हँडल तीन-चारदा जोरात दाबा, मग नट आवळा. पाय आपोआप सरळ होतात.

५. पहिला खर्च: तेल

जुन्या गाडीच्या फोर्कमध्ये शेवटचं तेल कधी बदललं, असं विचारलं तर बहुतेकांना आठवत नाही. इंजिनाचं तेल न विसरता बदललं जातं. फोर्कचं तेल दिसत नाही म्हणून राहून जातं. बॉटम केसच्या तळाशी ड्रेन स्क्रू असेल तर तो काढून खाली डबा धरा. हँडल दाबलं की पिचकारीसारखं तेल येतं. राखाडी, चमचम करणारं आलं तर त्यात धातूचा चुरा आहे. चहासारखं गढूळ आलं तर पाणी शिरलंय. वास तर असा येतो की गॅरेजवालाही तोंड फिरवतो. ड्रेन स्क्रू नसेल तर पाय उतरवून उलटे करावे लागतात.

नवं तेल किती आणि कोणतं, हे गाडीच्या पुस्तिकेत मिलिलिटरमध्ये दिलेलं असतं. अंदाजानं ओतू नका. मोजपात्र किंवा मोठी सिरिंज वापरा. दोन्ही पायांत सारखंच तेल पडलं पाहिजे. एवढं केल्यावरही कितीतरी गाड्यांची तक्रार अर्ध्यावर येते.

आता जाडीचा प्रश्न. फोर्क ऑइलच्या डब्यावर १० डब्ल्यू, १५ डब्ल्यू, २० डब्ल्यू असे आकडे असतात. आकडा मोठा, तेल जाड. जाड तेल भोकांतून सावकाश जातं, म्हणून डुलणं लवकर थांबतं. पुस्तिकेत १० असेल तर १५ घालून बघा. १५ मिळालं नाही तर एकाच कंपनीचं १० आणि २० निम्मं-निम्मं मिसळलं तरी काम भागतं. कंपनी एकच ठेवायची, कारण एका कंपनीचं १५ आणि दुसरीचं १५ यांची जाडी तंतोतंत सारखी असेलच असं नाही.

मग थेट सर्वांत जाड तेल घातलं तर? इथेच अनेकजण फसतात. साध्या फोर्कमध्ये तेल ठरावीक मापाच्या भोकांतून जातं. नळी दुप्पट वेगानं आत जायला लागली की अडथळा दुप्पट होऊन थांबत नाही, जवळपास चौपट होतो. ब्रेक लावल्यावर फोर्क तुलनेनं सावकाश दबतो, तेव्हा जाड तेलाचा फायदा थोडाच. पेव्हर ब्लॉकच्या उभ्या कडेवर चाक आदळतं तेव्हा मात्र नळी प्रचंड वेगानं आत जाऊ पाहते, तेल तिला जाऊ देत नाही, आणि धक्का सरळ मनगटात येतो. म्हणजे गाडी ब्रेकला बसायची ती बसतेच, वर खडबडीत रस्त्यावर हातही दुखतात.

६. दुसरा खर्च: पाइपचा तुकडा

सॅग जास्त असेल तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे स्प्रिंगच्या वर पाइपचा तुकडा ठेवणं. टोपी बंद केली की तो तुकडा स्प्रिंगला आधीच थोडं दाबून ठेवतो. याला ‘प्रीलोड’ म्हणतात.

हे नीट कळण्यासाठी एक काल्पनिक पण वास्तवाच्या जवळची गाडी घेऊ. चाल १२० मिलिमीटर. प्रत्येक स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला अर्धा किलो जोर लागतो, म्हणून दोघींना मिळून एक किलो. तुम्ही बसल्यावर दोन्ही स्प्रिंगांवर मिळून ७० किलो भार येतो. स्प्रिंगा आधीच २० मिलिमीटर दाबून बसवल्या आहेत.

७० किलोला ७० मिलिमीटर दाब हवा. त्यातला २० आधीच दिलेला. म्हणून सॅग ५०. ब्रेक लावल्यावर समजा ४० किलो भार वाढला. आणखी ४० मिलिमीटर दबले. एकूण ९०. खड्ड्यासाठी शिल्लक फक्त ३०.

आता पाइपचा तुकडा १५ मिलिमीटरनं लांब केला. प्रीलोड ३५, सॅग ३५. ब्रेक लावल्यावर ७५. शिल्लक ४५. जितका तुकडा वाढवला तितकीच सॅग घटली. हिशेब इतका सरळ आहे.

पण बघा, ब्रेकला गाडी आधीही ४० मिलिमीटर दबत होती आणि आताही ४०च दबते. दबलेल्या कापसाच्या गादीखाली आणखी एक सतरंजी घातली तर गादी उंच होते, कडक होत नाही. पाइपचा तुकडा हेच करतो. त्यानं उंची परत मिळते आणि चाल शिल्लक राहते. स्प्रिंगचा स्वभाव तोच राहतो. पुष्कळ गाड्यांना एवढंच हवं असतं.

तुकडा प्लंबिंगच्या जाड पीव्हीसी पाइपचा घ्या. विजेच्या वायरिंगचा पातळ पाइप नको. तो क्रोमच्या नळीत मोकळा सरकला पाहिजे, पण स्प्रिंगच्या आत घुसता कामा नये. दोन्ही टोकं काटकोनात कापलेली, कडा घासलेल्या, आणि स्प्रिंग व पाइप यांच्या मध्ये पोलादी वॉशर. आत कारखान्याचा तुकडा आधीच असेल तर त्याच्याच मापावर नवा, जरा लांब कापा. पीव्हीसीवर विश्वास नसेल तर लालबाग-काळाचौकीच्या एखाद्या गाळ्यात लेथवर ॲल्युमिनियमचा तुकडा करून घ्या.

एका वेळी १० ते १५ मिलिमीटरच वाढवा आणि पुन्हा सॅग मोजा. अति झालं तर सॅग उरत नाही. मग खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागा नसते, टायर जमीन सोडतो, आणि स्पीड ब्रेकर ओलांडल्यावर फोर्क वर येऊन ‘टक्’ वाजतो.

इथे सुरक्षिततेची गोष्ट. आपल्या उदाहरणात प्रत्येक टोपीखाली आधी १० किलोचा जोर होता, तुकडा वाढवल्यावर १७ किलोच्या पुढे गेला. टोपी शेवटच्या आट्यावरून सुटली की उडते. पुढचं चाक जमिनीवरून उचलून इंजिनाखाली भक्कम टेकू द्या, म्हणजे फोर्क पूर्ण उघडा राहील. एका वेळी एकच टोपी काढा. तोंड टोपीच्या रेषेत ठेवू नका आणि वर जाड फडका दाबून धरा. काही गाड्यांत टोपी आट्यांची असते, काहींत दाबून बसवलेली आणि तारेच्या लॉकनं अडकवलेली. दुसऱ्या प्रकारात दाबायला एक आणि लॉक काढायला एक, अशी दोन माणसं हवीत.

७. खरा कडकपणा: वेढे कमी करणं

सॅग बरोबर आली, पण ब्रेकला गाडी अजूनही फार दबते. आता स्प्रिंगच कडक करायला हवी. बाजारात जास्त कडक स्प्रिंग मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर हातात आहे तीच कापून कडक करता येते.

कापल्यावर स्प्रिंग कडक कशी होते? भार आला की प्रत्येक वेढा थोडा-थोडा दबतो आणि त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे एकूण दाब. वेढे कमी केले की तेवढ्याच भाराला बेरीज लहान येते. स्प्रिंगमध्ये ४८ वेढे आहेत आणि ८ कापले, उरले ४०. कडकपणा ४८ भागिले ४०, म्हणजे १.२ पट. अर्धा किलोची स्प्रिंग ०.६ किलोची झाली, दोघी मिळून १.२.

तीच गाडी, तोच भार. ७० भागिले १.२ म्हणजे सुमारे ५८ मिलिमीटर. प्रीलोड पुन्हा २० ठेवला तर सॅग ३८. ब्रेकच्या ४० किलोला आता ३३ मिलिमीटरच लागतात. एकूण ७१, शिल्लक ४९. सॅग जवळपास पाइपच्या उपायाएवढीच आहे, पण ब्रेकला नाक कमी झुकतं. दोन्ही उपायांतला फरक या ७ मिलिमीटरमध्ये आहे.

कापलेल्या वेढ्यांची जागा पाइपच्या तुकड्यानं भरून काढायची. स्प्रिंग ३९६ मिलिमीटरची होती, ४० वेढ्यांवर ती ३३० राहिली, तर ६६ मिलिमीटरचा तुकडा आला. तो विसरला तर गाडी पूर्वीपेक्षा खाली बसेल.

कापण्याआधी एक हिशेब चुकवू नका. स्प्रिंग पूर्ण मिटून वेढ्याला वेढा टेकता कामा नये. तार ४ मिलिमीटर जाड असेल तर ४० वेढे मिटल्यावर १६० होतात. ३३० मधून १६० गेले, मोकळी जागा १७०. लागणार किती? चाल १२० आणि प्रीलोड २०, मिळून १४०. तीस मिलिमीटर हाताशी आहेत, म्हणजे ठीक. हा आकडा शून्याकडे झुकला तर थांबा. पहिल्या फटक्यात पाचवा-सहावा हिस्साच कापा; कापलेला वेढा परत जोडता येत नाही. स्प्रिंग बदलता येते, पण मग स्वस्ताई कसली?

बऱ्याच स्प्रिंगांत एका टोकाला वेढे दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ असतात. कापायचे ते दाट टोकाचे, कारण तेच आधी दबून मऊपणा देतात. मात्र दाट वेढे लांबीनं कमी आणि संख्येनं जास्त असतात, म्हणून हिशेब वेढे मोजून करा, टेप लावून नव्हे. कापताना ग्राइंडरची पातळ चकती वापरा आणि मधूनमधून थांबा. गॅस कटरच्या ज्वाळेनं कापली तर पोलादाचं पाणी उतरतं आणि त्या टोकाला स्प्रिंग कायमची मऊ पडते. कापलेलं टोक घासून सपाट करा, धातूचा कणही आत जाऊ देऊ नका, आणि ते टोक वरच्या बाजूला, वॉशरवर टेकेल असं ठेवा. दोन्ही स्प्रिंगा सारख्याच कापा आणि शेजारी-शेजारी उभ्या करून खात्री करा.

८. चार चमचे तेल आणि कोंडलेली हवा

उरली ती मोठ्या खड्ड्यातली ‘खाड्’. तिच्यासाठी स्प्रिंगला हात लावायची गरज नसते.

बंद जागेतली हवा अर्ध्या जागेत कोंबली की तिचा दाब दुप्पट होतो. समजा नळीत तेलाच्या वर २४० मिलिमीटर उंचीची हवा आहे आणि फोर्क १२० दबला. हवा उरली १२०. दाब वातावरणाच्या दुप्पट. बाहेरच्या हवेचा दाब वजा केला की चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो जोर उरतो. ३० मिलिमीटर व्यासाच्या नळीचं क्षेत्रफळ साधारण ७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक पायात ७ किलो.

आता तेलाची पातळी ३० मिलिमीटरनं वाढवली. हवा २१० वरून ९० वर येते, दाब २.३३ पट. प्रत्येक पायात ९ किलोंहून जास्त. शेवटचा जोर एक तृतीयांशानं वाढला. चालीच्या मध्यावर, म्हणजे ६० मिलिमीटर दबल्यावर बघितलं तर फरक अर्ध्या किलोच्या आसपास. म्हणूनच हा उपाय रोजच्या आरामाला धक्का न लावता फक्त टोकाला मदत करतो. आणि ३० मिलिमीटर पातळी वाढवायला तेल लागतं दर पायाला सुमारे २० मिलिलिटर. चहाचे चार चमचे.

मर्यादा पाळा. तेल फार भरलं तर टोकाला हवा उरतच नाही. तेल दबत नाही, मग दाब सील बाहेर फेकतो. ५ मिलिलिटर वाढवा, गाडी फिरवा, झिप-टाय बघा, मग पुढचे ५.

९. मेकॅनिकला काय सांगाल?

क्रम लक्षात ठेवा: मोजणं, तपासणी, तेल, पाइप, वेढे. शेवटी हवेसाठी तेलाची पातळी. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तोच रस्ता, तोच वेग, तीच बॅग. दोन बदल एकदम केले तर गाडी सुधारली तरी कशानं सुधारली ते कळत नाही, आणि बिघडली तर मागे कुठवर जायचं तेही कळत नाही.

अति कडक फोर्कवर भाळूही नका. चाक जमिनीला चिकटलेलं राहावं, एवढ्यासाठी शॉकअप आहेत. दगडासारखा फोर्क शोरूमबाहेर हँडल दाबून बघताना भारी वाटतो. ओल्या पेव्हर ब्लॉकवर ब्रेक लावताना तोच टायरला जमिनीवरून उचलतो. आणि वाकलेली नळी, तडा गेलेला टी किंवा खोल गंजलेला क्रोम असेल तर इथे लिहिलेलं काहीच करू नका. तो भाग बदला.

बहुतेकजण हे काम स्वतः न करता गॅरेजात देतील, आणि ते योग्यच आहे. फक्त “शॉकअप कडक करून दे” एवढं सांगून निघू नका. तसं सांगितलं की हाताशी असलेलं सर्वांत जाड तेल नळीत जातं आणि तुम्ही दुखरी मनगटं घेऊन परत येता. त्याऐवजी कागदावर चार आकडे लिहून द्या: एकूण चाल १२०, सॅग ५०, हवी ३५, तेल पुस्तिकेप्रमाणे दोन्हीकडे मोजून. चांगला मेकॅनिक हा कागद बघून पहिला प्रश्न विचारेल, “पाइप किती मिलिमीटरचा कापू?” तिथून पुढे बोलणं सरळ होतं.